पाणजाईच्या दारात

१

राजवर्धन इंगवले पाणजाईच्या देवळात पायवाटेनं येणार होता. तो आला ओढ्यातून.

हुंबाळीचा धबधबा कड्यावरून कुंडात पडतो. कुंडातलं पाणी ओढ्यानं खाली येऊन तळ्याला मिळतं आणि तळ्याच्या काठावर पाणजाईचं देऊळ आहे. ओढ्याच्या तोंडाशी करंजाच्या मुळ्या पाण्यात उतरल्या आहेत. त्या मुळ्यांत पांढरा शर्ट अडकलेला गावातल्या दोघांनी पाहिला, आणि ओढून काढला तर शर्टाच्या आत माणूस निघाला. पस्तिशीचा, मनगटात सोन्याचं कडं, एका पायात बूट, दुसरा पाय उघडा. डोक्याच्या मागं मूठ बसेल एवढी खोक, पाण्यानं धुऊन स्वच्छ झालेली.

सन एकोणीसशे नव्याण्णव, श्रावणातला शुक्रवार. जिवतीचा दिवस, आयांनी लेकरांच्या आयुष्यासाठी देवीपुढं पदर पसरायचा तो. राजवर्धनची आई शालूबाई देवळाच्या पडवीतच बसली होती. लेकाला आणून तिच्यासमोर निजवलं तेव्हा तिनं छाती पिटली नाही. थोडा वेळ बघत राहिली, पदर तोंडाला लावला आणि मोकळ्या हातानं शेजारच्या सुनेकडं बोट केलं.

"हिला इचारा. वर त्येच्यासंगं हीच हुती."

सून अनुजा नवऱ्याच्या उघड्या पायाकडं बघत होती. आपल्याबद्दल काही बोललं गेलंय हे तिच्यापर्यंत पोचायलाच वेळ लागला.

फौजदार प्रभुलिंग पट्टणशेट्टी जीपमधून उतरला तो वैतागलेलाच. कुरुंदवाडचा माणूस, काळ्या सपाट रानात वाढलेला. डोंगर, धुकं आणि जळवा यांच्यावर त्याचा मुळीच लोभ नव्हता. दर पावसाळ्यात हुंबाळीला कोणीतरी घसरून मरायचं आणि दर पावसाळ्यात हा त्यांच्या नावानं बोटं मोडत पंचनामा करायचा. यंदाचाही घसरलाच असणार, असं ठरवूनच तो आला होता. पण खोकेपाशी वाकून बघितलं आणि त्याची वटवट थांबली. घाव एक नव्हता, दोन होते, आणि दोन्ही एकाच जागी. एकाच जागी दोनदा घसरून पडणारा माणूस त्यानं अजून पाहिला नव्हता.

"गाडी कुठाय यांची?" त्यानं विचारलं.

गाडी होती कोल्हापूरच्या गणपतराव ट्रॅव्हल्सची पांढरी सुमो. 'एक दिवस, दोन धबधबे, तीन देवळं, गाडी खास तुमच्यासाठी' असं मागच्या काचेवर रंगवलेलं. कोल्हापूरकर सहलीला निघाला की आधी डबा भरतो, मग देव ठरवतो आणि उरल्या वेळात निसर्ग बघतो. त्या रीतीनं मागच्या सीटखाली डबे होते, सतरंजी होती आणि एक लाल कापडाची पिशवी होती. पिशवीत हिरवा खण, नारळ, तांदूळ, हळकुंडं, सुपाऱ्या, खारका. वर दोऱ्याची गाठ, जशी घरून मारली तशीच.

बरोबरचा हवालदार नारळ कानाशी नेऊन हलवून बघायला लागला.

"ठेव खाली," पट्टणशेट्टी म्हणाला. "आणि पंचनाम्यात घाल. काय काय हाय ते सगळं."

त्या पिशवीला काही अर्थ आहे असं त्याला तेव्हा वाटलं नव्हतं. हवालदाराला नारळ मिळू नये, एवढाच त्याचा हेतू होता.

२

पट्टणशेट्टीची विचारायची एक तऱ्हा होती. खून, चोरी, काहीही असो, तो पहिल्यांदा विचारायचा, सकाळी काय खाल्लं. त्याचं म्हणणं, खाण्याबद्दल बोलताना माणूस खोटं बोलायचं विसरतो, आणि एकदा विसरला की पुढंही थोडा वेळ विसरलेलाच राहतो.

"मिसळ खाल्ली सायेब," ड्रायव्हर गुंडू म्हणाला. चाळिशीचा, बोलका; आपल्या गाडीत बसलेलं माणूस मेलंय म्हणजे पोलीस आपल्यालाच धरणार या भीतीनं जास्तच बोलका झालेला. "अंबाबाईचं दर्शन केलं चौघांनी बी, आत जाऊन. मग मिसळ. सायबांनी, धाकल्या सायबांनी आन् मी. आईसाहेबांचा उपास. थोरल्या बाईसायबांनी नुसता पाव कुरतडला."

"चौघं म्हणजे?"

"आईसाहेब, थोरलं राजवर्धन सायेब, त्येंची मंडळी आन् धाकलं रणजित सायेब. आजऱ्याला काजूचा कारखाना हाय न्हवं त्येंचा, इंगवल्यांचा. वडील हंबीरराव तिकडंच असत्यात."

"भांडण झालं?"

गुंडू घुटमळला. मग सांगून टाकलं. राधानगरीच्या पुढं वळणं सुरू झाल्यावर बाईसाहेबांना दोनदा उलटी झाली, गाडी थांबवायला लागली. बाईसाहेब म्हणाल्या, मी येत न्हवते म्हटलं तर आणलं मला. त्यावर साहेब वरडले. वरडायचा स्वभावच होता त्यांचा. निघायला थोडा उशीर झाला म्हणून सकाळी गुंडूच्या कानफटात पण बसली होती.

"कानफटात?" पट्टणशेट्टीनं त्याच्याकडं नीट बघितलं.

"व्हय," गुंडू म्हणाला, आणि आपण काय बोललो ते कळून तो पांढरा पडला. "पर मी त्येला काय करतोय सायेब? रोज कुणी ना कुणी मारतंय की."

धबधब्यावर सुमो पोचली. शालूबाईंचे गुडघे धरलेले, त्या खालच्या चहाच्या खोपीत बसल्या. राजवर्धन आणि अनुजा वर कुंडाकडं गेले, ते गुंडूनं बघितलं. काही वेळानं अनुजा एकटी खाली येऊन गाडीत बसली, तेही बघितलं. त्यानंतर त्यानं बॉनेट उघडलं, कारण इंजिनात पाणी गेलं होतं. रणजित कुठं होता ते त्याला माहीत नाही. डोकं वर काढलं तेव्हा रणजित खोपीत आईजवळ उभा होता आणि आईसाहेबांच्या हातातला चहाचा ग्लास पडून फुटला होता.

"खोपीवाल्यानं त्येचं बी पैसं लावलं," गुंडू म्हणाला. "मग आईसाहेब म्हणाल्या, चल रं, राजू पायवाटेनं येतोय, आपण म्होरं जाऊ. मी गाडी काढली."

"हे त्यांना कुणी सांगितलं, पायवाटेनं येतोय म्हणून?"

ते गुंडूला माहीत नव्हतं. आणि नेमकं त्यावरच सगळं अडून होतं, कारण ज्यानं तो निरोप आणला त्यानं मेलेल्या माणसाचा निरोप आणला होता.

३

शालूबाई कपाळाला रुपयाएवढं कुंकू लावायची. नऊवारी नेसलेली, अंगाखांद्यावर सोनं, आवाज कारखान्यातल्या बायकांवर चालून चालून घट्ट झालेला. लेकाचं प्रेत नुकतंच तालुक्याच्या दवाखान्यात गेलं होतं आणि ही बाई ताठ बसून बोलत होती. पट्टणशेट्टीला आधी तिचं कौतुक वाटलं, मग जरा थंडी वाजली.

"निरोप हिनंच आणला," ती म्हणाली. "खाली आली, म्हणाली, ते पायवाटेनं येत्यात, तुम्ही चला म्होरं. मी इस्वास ठिवला. सून म्हटल्यावर ठिवायचा न्हाय तर काय करायचं?"

"सून मारंल कशाला, बाई?"

"सा वर्सं झाली लग्नाला. कूस उजवली न्हाय. राजू दुसरी करायची बोलत हुता. त्यावरनं रोज घरात कज्जा. आज गाडीत बी झाला की, डायवरला इचारा."

रणजित आईच्या मागं उभा होता. सत्ताविशीचा, देखणा, लग्न ठरत आलेलं. त्यानं मान हलवली. आपण झाडीमागं लघवीला गेलो होतो, आलो तेव्हा वहिनी गाडीत बसलेली होती, बाकी आई म्हणते तसंच, असं त्यानं सांगितलं. सांगताना तो सारखा आपल्या बुटांकडं बघत होता. बूट ओले होते, पण त्या दिवशी सगळ्यांचेच होते.

मग अनुजाला आणलं. तिच्या हातात हातभर हिरवा चुडा, साडीच्या काठाला वरचा लाल चिखल. पट्टणशेट्टीनं विचारलं, सकाळी काय खाल्लं. ती म्हणाली, काही नाही.

"निरोप कुणी आणला?"

"मी नाही आणला. मी गाडीत बसले होते. सासूबाई आल्या आणि म्हणाल्या, राजू रणजितला बोललाय, पायवाटेनं येतोय. मी वर होते तेव्हा ते चांगले होते. फोटो काढत होते. मला म्हणाले, तू जा खाली, भिजू नकोस."

"नुसतं भिजू नकोस म्हणून खाली धाडलं? सकाळी वरडणाऱ्या माणसानं?"

"ते वरडायचे," अनुजा म्हणाली, "पण ते वाईट नव्हते." आणि तिचा आवाज पहिल्यांदा फुटला.

"तुझी सासू म्हणतीय, पोर होत न्हाय म्हणून तो दुसरी करणार होता."

अनुजानं वर बघितलं. काहीतरी तिच्या ओठांवर आलं आणि परत गेलं. तिनं पदर पोटाभोवती घट्ट आवळून धरला आणि ती गप्प बसली. पट्टणशेट्टीनं दोनदा विचारलं, तिसऱ्यांदा दरडावून विचारलं. बाई मिटून गेली होती.

गप्प बसणारी माणसं त्यानं पुष्कळ बघितली होती, आणि त्यांतली बहुतेक दोषी निघाली होती. बाहेर येऊन त्यानं महिला शिपाई सुष्मिता आवटीला सांगितलं, हिच्यावर लक्ष ठेव, उद्या हिला धरायचंय.

४

शनिवारी सकाळी दवाखान्यातून कळलं की घाव दगडाचे, मागून घातलेले, माणूस पाण्यात पडण्याआधीचे. पाठोपाठ कोल्हापूरहून वरिष्ठांचा फोन आला. इंगवल्यांचं घराणं मोठं, पेपरवाले विचारतायत, सुनेला दुपारपर्यंत अटक दाखवा.

दाखवायला काहीच हरकत नव्हती. वर जाताना ती बरोबर होती, येताना एकटी होती, भांडण झालं होतं, आणि एका बाजूला दोघांची साक्ष होती तर दुसऱ्या बाजूला ती एकटी. पट्टणशेट्टी फक्त एका सहीसाठी हुंबाळीला परत गेला. देवळाची गुरवीण अंबूबाई हिची सही काल राहिली होती.

अंबूबाई गाभाऱ्यासमोर बसून निरांजनं घासत होती. साठीची, बारीक, येणाऱ्या प्रत्येक बाईला न चुकता हळदीकुंकू लावणारी.

"काल काय खाल्लं मावशी?"

"उपास हुता की. राजगिऱ्याचं लाडू दिलं त्या इंगवलीणबाईनं. लई मोठ्या मनाची बाई. देवीची वटी भरली, हिरवं लुगडं, खण, नारळ, समदं यथासांग. आरती हुईस्तवर हात जोडून हुबी. रडत हुती."

"रडत होती? तेव्हा तर लेक सापडला पण नव्हता."

"देवीम्होरं बायका रडत्यातच," अंबूबाई म्हणाली. तिला त्यात नवल वाटलं नाही.

"आणि सून?"

"ती कुठली आत येतीय? भाईर दीपमाळंजवळ बसली हुती. मी करंडा घिऊन निघाल्ते तिला कुकू लावाय, तर सासूनं माझा हात धरला. म्हणाली, नगं, तिला अडचण हाय. मग मी शिवंन कशाला?"

अडचण म्हणजे बाईची महिन्याची अडचण. तशा बाईनं देवळाची पायरी चढायची नाही. यात वावगं काहीच नव्हतं. पट्टणशेट्टीनं कागद पुढं केला, अंबूबाईनं अंगठा उठवला, आणि तो जीपपर्यंत पोचला तेव्हा त्याला दोन गोष्टी टोचायला लागल्या.

सकाळी अंबाबाईला ती आत जाऊन आली होती. गुंडू म्हणाला होता, चौघं बी. बरं, अडचण नंतर आली असेल. बायकांचं काही सांगता येत नाही.

पण देवीची ओटी जर यथासांग भरली, तर गाडीतल्या त्या लाल पिशवीत दुसरी ओटी कुणाची होती?

५

सुष्मिता आवटी पोलीस ठाण्याच्या दारातच उभी होती.

"सर, ती सकाळपासनं तीनदा ओकली. चहाचा वास पण सहन होईना तिला. मी डॉक्टरीणबाईंना बोलवलं." तिनं आवाज खाली आणला. "तिसरा महिना लागलाय, सर."

पट्टणशेट्टी आत गेला. अनुजा बाकावर भिंतीला टेकून बसली होती. तो समोर खुर्ची ओढून बसला. या खेपेला त्यानं काय खाल्लं ते विचारलं नाही.

"काल का बोलली नाहीस?"

"बोलायचं नव्हतं," ती म्हणाली. "ओटी भरेपर्यंत कुणाला सांगायचं नसतं. मागच्या वेळी मी आईला फोनवर सांगितलं आणि आठवड्यात ते गेलं. सासूबाई म्हणाल्या, तुझ्या जिभेनं खाल्लं त्याला. सहा महिने रोज म्हणत होत्या. या वेळी त्यांनी शपथ घातली, चोरओटी होईपर्यंत तोंडातून अक्षर काढायचं नाही. त्यासाठी तर काल आलो होतो. पाणजाई ही त्यांची माहेरची देवी. तिच्यासमोर त्या स्वतः माझी ओटी भरणार होत्या. बांगड्या पण त्यांनीच भरवल्या मला, गुरुवारी."

"मग काल भरली का नाही?"

"माहीत नाही. देवळापाशी आलो आणि म्हणाल्या, तू दमलीयस, बाहेर बस, आत येऊ नकोस. मला वाटलं, हे आल्यावर भरतील. हे आलेच नाहीत."

पट्टणशेट्टीनं मनाशी सगळं जुळवून बघितलं. बाहेर पाऊस वाजत होता. ज्या बाईनं सहा वर्षं नातवाची वाट बघितली, खण-नारळ घरून बांधून आणला, सुनेच्या हातात चुडा भरला, एवढा डोंगर चढून देवीच्या दारात आली, त्या बाईनं दारातून सुनेला परत फिरवलं. आणि गरोदर बाईला अडचण असते असं तिनं सांगितलं.

तो उठला आणि म्हणाला, "चल. सगळ्यांना घेऊन पाणजाईला जायचं."

६

पडवीत सगळे बसले. शालूबाई खांबाला टेकून, रणजित तिच्या शेजारी, गुंडू लांब पायरीवर, अनुजा सुष्मिताजवळ. अंबूबाई गाभाऱ्याच्या दारात. शालूबाईची समजूत, सुनेला अटक करायच्या आधीचा हा काहीतरी सरकारी सोपस्कार असणार. ती निवांत होती.

पट्टणशेट्टीनं लाल पिशवी तिच्या मांडीवर ठेवली.

"बाई, हे तुमचं राहिलं काल."

शालूबाईनं गाठीला हात लावला नाही.

"सून तिसऱ्या महिन्यात आहे हे तुम्हाला ठाऊक होतं. मला सांगितलंत, कूस उजवली नाही. अंबूमावशीला सांगितलंत, अडचण आहे. दोन्ही खोटं. ते जाऊ द्या. मला एवढंच सांगा, ज्यासाठी आलात ते न करता मागं का फिरलात? एक नारळ पदरात घालायचा, चिमूटभर कुंकू लावायचं. त्याला किती वेळ लागतो? आता लावा. देवी आहे, सून आहे. भरा ओटी."

"आता?" शालूबाई म्हणाली.

"आता."

तिच्या तोंडावर किळस आली, आणि ती लपवायची तिला सुधरली नाही. पिशवी तिनं मांडीवरून ढकलून दिली.

"रांडमुंड बाईची वटी भरू व्हय मी? पाणजाईम्होरं?"

पट्टणशेट्टीनं मान हलवली, जणू तिनं बरोबर उत्तर दिलं होतं.

"न्हाई भरायची. बरोबर आहे तुमचं. रीतच आहे. पण बाई, काल या वेळी ती रांडमुंड नव्हती. काल तुमचा राजू पायवाटेनं येत होता. तुम्हीच सांगितलंत की."

रणजित हळूच म्हणाला, "आई, गप. आता काय बोलू नगंस."

"ती बोलून बसली," पट्टणशेट्टी म्हणाला. "काल देवळाच्या दारात येतानाच तुम्हाला ठाऊक होतं, थोरला मेलाय. मेलेल्याच्या बायकोला देवीसमोर न्यायला तुमचा जीव धजला नाही. बरं, कुणी मारलं? हिनं मारलं असतं आणि तुम्हाला कळलं असतं, तर तुम्ही त्या खोपीतच हिच्या झिंज्या उपटल्या असत्या. हिला सुमोत शेजारी घेऊन देवदर्शनाला आला नसता. गुंडूनं मारलं असतं, तर त्याच्याच गाडीत बसला नसता. लेकाला मारणाऱ्याला झाकून, वर त्याच्यासाठी देवीपुढं रडावं, असं तुम्हाला जगात एकच माणूस होतं. ते खोपीत आलं, काहीतरी बोललं आणि तुमच्या हातातला ग्लास पडला."

गुंडूनं पायरीवरून मान वर केली. रणजितनं पुन्हा आपल्या बुटांकडं बघितलं. पळायचा त्यानं प्रयत्न केला नाही. शालूबाईनं त्याचा हात धरला होता आणि तो सोडवून घेण्याइतकंही बळ त्याच्यात उरलं नव्हतं.

"दादा म्हणाला, आता माझं पोर येतंय," तो म्हणाला. "कारखाना त्येच्या नावानं करतो म्हणाला. तू हिशेब लिहीत बस आजऱ्याला. हसत म्हणाला, सायेब. फोटो काढत. मी लगीन ठरवताना सासऱ्याला सांगितलेलं, कारखाना आमचाच, दादाला काय पोर हुणार न्हाय. दगड हातात कवा आला मला कळलं न्हाय."

"पहिल्यांदा कळलं नसंल," पट्टणशेट्टी म्हणाला. "दुसऱ्यांदा घातलास तेव्हा कळलं असंल."

अनुजा उठून उभी राहिली. ती दिराकडं गेली नाही, सासूसमोर येऊन थांबली.

"आणि मी?" तिनं विचारलं. "मला फासावर देणार होता तुम्ही?"

शालूबाईनं तिच्याकडं सरळ बघितलं. त्या नजरेत शरम नव्हती. सरळ हिशेब होता, आणि तो सांगायलाही तिला जड गेलं नाही.

"एक गेला. दुसरा बी देऊ? सून काय, दुसरी मिळती."

"माझ्या पोटात तुमच्या राजूचं आहे."

"कुणाला ठावं हाय ते?" शालूबाई म्हणाली. "वटी कुठं भरलीय अजून?"

७

रणजितला पुढच्या जीपमध्ये बसवलं, शालूबाईला मागच्या. जाताना तिनं देवीला खाली वाकून नमस्कार केला आणि अंबूबाईनं सवयीनं तिच्या कपाळाला कुंकू लावलं. नवरा जिवंत होता तिचा. मग तिनं मागं वळून एकदाही बघितलं नाही.

अनुजाच्या बापाला फोन गेला होता. तो कागलहून निघाला होता. तोवर ती पडवीच्या कडेला बसून राहिली. लाल पिशवी मोहोर लावायला हवालदारानं उचलली, तेव्हा ती म्हणाली, "तो नारळ मला मिळेल?"

पट्टणशेट्टीला ओशाळल्यासारखं झालं. "मुद्देमाल आहे," तो म्हणाला. "कोर्टात दाखवायला लागणार."

"बरं."

थोड्या वेळानं तिनं विचारलं, "साहेब, काल त्यांनी माझी ओटी भरली असती तर?"

त्याला खोटं बोलता आलं असतं. पण गेल्या दोन दिवसांत तिच्याशी पुष्कळ लोक पुष्कळ खोटं बोलले होते.

"तर आत्ता त्या जीपमध्ये तू असतीस," तो म्हणाला. "मीच बसवली असती."

अनुजानं मान डोलावली. तिनं एकदा तळ्याकडं बघितलं आणि मग हातातल्या चुड्याकडं. तो अजून कुणी उतरवला नव्हता, कारण ते काम सासूनं करायचं असतं.

गाडी आली. सुष्मितानं तिला हात देऊन उठवलं. दोघी देवळासमोरून निघाल्या तशी अंबूबाई करंडा घेऊन लगबगीनं बाहेर आली. आलेल्या बाईला तशी रिकाम्या कपाळानं जाऊ द्यायची नाही, असा त्या देवळाचा रिवाज होता. सुष्मिताच्या कपाळाला तिनं हळद लावली, कुंकू लावलं, चार तांदळाचे दाणे तिच्या टोपीवर टाकले. अनुजा शेजारीच उभी होती. नकळत तिची मान जराशी पुढं आली.

अंबूबाईचे डोळे भरून आले. दुष्ट बाई नव्हती ती. तिनं पदरानं डोळे पुसले, करंड्याचं झाकण लावलं आणि ती आत निघून गेली.